घन पदार्थ, दाबलेला वायु आणि त्यांचें गणित



कल्याण सोडून आगगाडी कर्जतच्या वाटेस लागली, कीं उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हीं गांवें येतात. अंबरनाथ-बदलापुरांतील अनेक कारखान्यांत औषधें व रसायनें तयार होतात. घन पदार्थ शुद्ध करावयाचा म्हणजे बहुधा तो द्रावकांत विरघळवून पुन्हां वेगळा काढावा लागतो. मग उरलेल्या द्रावकाची वाट काय लावावयाची? २०१४ सालीं वालधुनी नदींत ओतलेल्या रसायनामुळें उल्हासनगरांतील शेंकडों रहिवाशांस श्वास घेणें कठीण झालें. मागें कांहींच न ठेवणारा द्रावक मिळेल काय, हा प्रश्न म्हणूनच ह्या गांवांच्या जिव्हाळ्याचा आहे.

असा एक द्रावक सोडावॉटरच्या बाटलींतच असतो. कार्बन डायॉक्साइड वायु ३१ अंश सेंटिग्रेडच्या वर ठेवून त्यावर हवेच्या दाबाच्या ७३ पटींहून अधिक दाब दिला, म्हणजे तो धड वायु राहत नाहीं कीं धड द्रव होत नाहीं. वायूप्रमाणें तो सूक्ष्म छिद्रांत शिरतो आणि द्रवाप्रमाणें पदार्थ विरघळवितो. हीच अतिक्रांतिक अवस्था. बदलापुरास उन्हाळ्यांत पारा ह्याहून पुष्कळ वर चढतो. तेव्हां उष्णता स्वस्त, खर्च तो दाबाचा. दाब सोडला कीं वायु निघून जातो व घन पदार्थ मागें उरतो. मद्यार्काच्या अशाच अवस्थेंत क्षार विरघळतात, हें हॅने व होगार्थ ह्यांनीं १८७९ सालीं दाखविलें. दाब उतरतांच ते क्षार हिमाप्रमाणें खालीं पडत.

पण किती दाबास किती पदार्थ विरघळेल? कपाटांतील डांबराची गोळी, म्हणजे नॅप्थलीन घ्या. दाब १०० पट असतां वायु तापविला तर तें कमी विरघळतें. ३०० पट असतां तापविला तर अधिक! उष्णतेनें नॅप्थलीनची उडून जाण्याची ओढ वाढते, पण वायु विरळही होतो. कमी दाबास विरळपणा जिंकतो, मोठ्या दाबास ती ओढ जिंकते.

सर्व गुपित घनतेंत आहे. पदार्थाचा प्रत्येक रेणु वायूचे ठराविक रेणु आपल्याभोंवतीं गोळा करतो, असें मानून ख्रास्टिल ह्यांनीं १९८२ सालीं एक सुटसुटीत सूत्र मांडलें. उष्णमान कायम असतां घनतेच्या लॉगरिथमवर विद्राव्यतेचा लॉगरिथम मांडला, कीं आलेख सरळ रेषेंत येतो. थोड्या प्रयोगांवरून तीन स्थिरांक काढले, म्हणजे मधल्या दाबांचे अंदाज कागदावरच बांधतां येतात. पेंग व रॉबिन्सन ह्यांचें १९७६ चें समीकरण अधिक मूलगामी आहे. परंतु त्यास घन पदार्थाचा बाष्पदाब लागतो, आणि औषधांच्या मोठ्या रेणूंचा तो इतका अल्प असतो कीं मोजणेंच दुर्घट. आपल्याकडे पवईच्या आय्. आय्. टी. मधील प्रा. ममता मुखोपाध्याय ह्यांनीं ह्या वायूनें वनस्पतींचे अर्क काढण्यावर लिहिलेला ग्रंथ २००० सालीं प्रसिद्ध झाला.

अर्थात् सूत्र म्हणजे मंत्र नव्हे. मोजलेल्या मर्यादेबाहेर तें फसवूं शकतें. मिठासारखे क्षार ह्या वायूंत जवळजवळ विरघळतच नाहींत. कित्येक पदार्थांसाठीं थोडा मद्यार्क मिसळावा लागतो. पण हें आधींच कागदावर कळलें, तर महागडें दाबपात्र विकत घेण्यापूर्वीं लहान कारखानदार सावध होईल. आणि जेथें गणित अनुकूल निघेल, तेथें वालधुनीकडे जाणारी एक तरी मोरी कोरडी पडेल.