नारळ वाढायचा की वाढवायचा?

गेल्या गणपतीतली आमच्या घरची गोष्ट. आरती झाली आणि आजींनी फर्मावलं, "चला, नारळ वाढवून घ्या." चार वर्षांच्या नातीनं ते ऐकलं, शेंडीसकट अख्खा नारळ दोन्ही हातांनी उचलला आणि थेट बाबांच्या ताटात नेऊन ठेवला. सगळे खो खो हसले, ती रडवेली झाली.

मला विचाराल तर तिचं काय चुकलं? भात वाढतात, वरण वाढतात, मग नारळ का नाही? शुभकार्यात 'फोडणं' तोंडातून काढायचं नाही म्हणून आपण 'वाढवणं' म्हणतो, हे तिला कुणी सांगितलं होतं? बांगडी फुटली तरी आपल्याकडे ती 'वाढते'!

लहान मूल आधी शब्दाची वस्तूशी, कृतीशी गाठ मारतं. ती पक्की बसली की मगच सैल करता येते. झाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञानं १९२३ सालच्या पुस्तकात ९ ते ११ वर्षांच्या मुलांना म्हणींचे अर्थ जुळवायला दिल्याचं लिहिलंय. पुष्कळ मुलं चुकली, आणि अगदी ठामपणे चुकली. अकरा वर्षांची मुलं हो! आणि आपण चार वर्षांच्या पोराला म्हणतो, "डोकं खाऊ नकोस माझं."

सगळ्यांत घात करतो तो उपरोध. दूध सांडलं की आई ओरडते, "सांड, अजून सांड!" शब्द एक सांगतो, सूर दुसरंच. पाच-सहा वर्षांच्या आतलं मूल बहुधा शब्द धरतं आणि पेल्यातलं उरलेलंही ओतून मोकळं होतं. मग पाठीत धपाटा. कशाबद्दल, तर सांगितलेलं ऐकल्याबद्दल. "पेला दोन्ही हातांनी धर" एवढं म्हटलं तर काम भागतं.

वाक्प्रचार घरातून हद्दपार करा, असं मी म्हणत नाही. कानावर पडल्याशिवाय ते मुलांच्या तोंडी येणार कसे? फक्त एका शब्दाला जपा. आपल्यात निघताना 'जातो' म्हणत नाहीत, 'येतो' म्हणतात. शेजारचे आजोबा गावी परतताना तसंच म्हणाले, आणि त्यांचा नातू दिवेलागणीपर्यंत चपला घालून दारात बसून होता.

तेव्हा उद्या घराबाहेर पडताना नुसतं 'येतो' म्हणू नका. कधी येणार तेही सांगा, आणि त्या वेळेला या.