विद्यार्थ्याच्या हातची भाकरी

अभ्यास करणाऱ्या मुलानें स्वयंपाकघरांत लुडबूड करूं नये, असा एक अलिखित नियम अनेक सुशिक्षित घरांत पाळला जातो. मुंबईच्या उपनगरांत तर तो विशेष कसोशीनें पाळतात. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथील नोकरदार घराचा दिवस लोकलच्या वेळापत्रकावर चालतो. आई पहांटे उठते, पोळ्या लाटते, भाजी फोडणीस टाकते, सर्वांचे डबे भरते आणि ठरलेली गाडी गांठते. सायंकाळीं परतल्यावर बहुधा तीच पुन्हां ओट्यापाशीं उभी राहते. या साऱ्या धांवपळींत दहावी-बारावीचा विद्यार्थी पुस्तक पुढें घेऊन बसलेला असतो, आणि पाण्याचा पेलासुद्धां त्याच्या हातांत नेऊन दिला जातो. ‘तूं फक्त अभ्यास कर’ हें वाक्य प्रेमानेंच उच्चारलेलें असतें. परंतु त्याचा परिणाम असा होतो कीं, रसायनशास्त्रांत उत्तम गुण मिळविणाऱ्या त्या मुलाला डाळ किती घ्यावी व तींत पाणी किती घालावें, हें ठाऊक नसतें.

हा नियम कांहीं परंपरागत नव्हे. एकोणिसाव्या शतकांत कोंकणांतून व देशावरून पुण्यास शिकावयास येणारे गरीब विद्यार्थी कोणी वार लावून जेवीत, कोणी माधुकरी मागत, तर कोणी खोलींत चूल मांडून हातानें भात शिजवीत. गरजेनें त्यांस तें करावें लागे, हें खरें. पण विद्या आणि चूल यांचें वैर आहे, असें त्या चुलींपुढें बसून पाठांतर करणाऱ्यांस कसें वाटावें? पुढें १९३७ सालीं वर्ध्यास भरलेल्या शिक्षण परिषदेंत महात्मा गांधींनीं हस्तव्यवसायाच्या द्वारें शिक्षण देण्याचा विचार मांडला. ‘नई तालीम’ या नांवानें तो ओळखला जाऊं लागला. सेवाग्रामच्या शाळेंत स्वयंपाकघर हेंहि शिक्षणाचेंच स्थान होतें. धान्याचा हिशेब, आहाराचे गुण व स्वच्छता या गोष्टी मुलें तेथें प्रत्यक्ष कामांतून शिकत.

उपनगरवासीयांस तर याहून जवळचें उदाहरण आहे. स्वातंत्र्यानंतरच्या अन्नटंचाईच्या काळांत लीलावती मुनशी यांनीं पुढाकार घेतला, आणि १९५४ मध्यें अखिल भारतीय महिला मध्यवर्ती अन्न परिषदेनें पाकशास्त्र व आहारव्यवस्था शिकविणारी एक संस्था मुंबईंत सुरू केली. तिचा आरंभ अंधेरीच्या भवन्स कॉलेजमध्यें झाला. नंतर ती दादरला गेली व नांवारूपास आली. जी विद्या संपादन करण्यासाठीं विद्यार्थी शुल्क भरून प्रवेश घेतात, तीच विद्या घरच्या ओट्यावर शिकणें म्हणजे वेळ फुकट दवडणें कसें होईल?

मार्च २०२० मध्यें साथीमुळें टाळेबंदी झाली, तेव्हांचें चित्र श्रोत्यांपैकीं अनेकांस आठवेल. शाळा-कॉलेजें बंद पडलीं, लोकल थांबल्या, आणि कित्येक मुलें प्रथमच ओट्यापाशीं आलीं. त्यांतील बहुतेकांचें लक्ष पहिल्यानें गेलें तें केककडे. ज्यांच्या घरीं ओव्हन नव्हता, त्यांनीं कुकरच्या तळाशीं मीठ पसरलें, झांकणाचें रबर व शिट्टी काढून ठेवली आणि मंद आंचेवर केक भाजला. भाजण्याची ही कला मुंबईच्या घरांस अगदींच अपरिचित होती, असें नाहीं. पाठारे प्रभूंच्या घरीं भानोलें खालीं-वर निखारे ठेवून भाजलें जाई. आणि मैदा, तूप, साखर घेऊन बेकरींत जावें व नानकटाईचे डबे भरून आणावे, ही तर अनेक कुटुंबांची जुनी रीत होती. तरी स्वतःच्या हातानें केक फुगलेला पाहण्याचा आनंद त्या मुलांस नवा होता. पुढें वर्ग सुरू झाले, लोकल धांवूं लागल्या, आणि पुष्कळ घरांत केकचें भांडें माळ्यावर गेलें. ओट्यापाशीं पुन्हां आई एकटी उरली.

केकच्या नादास थिल्लर म्हणून हंसण्याचें कारण नाहीं. तो नवशिक्याचा चांगला गुरु आहे, कारण तो मोजमाप शिकवितो. भाजी होत असतां मीठ कमी वाटलें तर वरून घालतां येतें. पण एकदां आंत गेलेल्या केकची दुरुस्ती होत नाहीं. दह्यांतील आम्लाशीं खाण्याच्या सोड्याचा संयोग झाला कीं कार्बन डायऑक्साइड वायु निघूं लागतो. तो निसटून जाण्यापूर्वीं मिश्रण आंचेवर गेलें पाहिजे. मध्यें कोणाशीं गप्पा मारीत बसलें, तर केक बसतो. मैद्यांत ओलावा मिळतांच ग्लुटेन नांवाचें चिवट प्रथिन तयार होतें. पावासाठीं तें मळून मळून बळकट करावें लागतें, तर केकसाठीं हलक्या हातानें कालवून त्यास आंवरावें लागतें. यीस्ट ही तर सजीव वस्तु. कोमट पाण्यांत ती कामास लागते आणि उकळत्या पाण्यांत मरते. ओव्हन सुमारें १८० अंश सेल्सिअसपर्यंत आधींच तापलेला हवा, अशी सूचना असते. ती न पाळल्यास काय होतें, तें पहिल्याच दिवशीं कळतें. प्रयोगशाळेंत जी शिस्त सांगून अंगीं बाणत नाहीं, ती एका बिघडलेल्या केकनें बाणते.

परंतु केक आला म्हणजे स्वयंपाक आला, असें मात्र नव्हे. केक हा सणावारीं येणारा पाहुणा. वरण-भात, भाजी-भाकरी हें रोजचें घर. आणि रोजच्या अन्नांत मोजमापाच्या पलीकडची एक गोष्ट लागते, तिला अंदाज म्हणतात. ज्वारीची भाकरी घ्यावी. ज्वारींत ग्लुटेन नसतें, म्हणून तिचें पीठ कढत पाण्यानें भिजवितात. त्या उष्णतेनें पिठांतील पिष्ट फुगून चिकट होतें आणि तळहातानें रगडून मळल्यावर गोळा एकजीव होतो. पाणी किती घालावें? तर पीठ मागेल तेवढें. पीठ फार दिवसांचें असून त्याची विरी गेली असेल, तर कितीहि मळलें तरी भाकरी तुटते. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूस पाणी फिरवावें आणि तें सुकत येतांच उलटावी. तो नेमका क्षण घड्याळांत दिसत नाहीं. भाकरीकडे पाहतां पाहतांच तो ओळखूं येतो.

‘मीठ बेताचें’, ‘तिखट बेतानें’, ‘पाणी मावेल तेवढें’, ही जुन्या गृहिणींची भाषा नवशिक्यास कोड्यासारखी वाटते. कमलाबाई ओगले यांचें ‘रुचिरा’ हें पुस्तक १९७० सालीं निघालें, तें घरोघर पोंचलें याचें एक कारण त्यांतील वाटी-चमच्याचीं मापें हें होय. मात्र पुस्तकांतील माप हें सर्वांचें असतें. आपल्या घरची आमटी आईच्या हातांत असते. ती कोठें लिहिलेली नसते. विद्यार्थ्यानें चार-सहा वेळां आईजवळ वही घेऊन उभें राहावें, तिच्या मुठींतील डाळ भांड्यांत पडण्यापूर्वीं वाटीनें मोजावी, चिमटीतील हिंग पाहावा, फोडणी कोणत्या आवाजास उतरविली तें टिपून घ्यावें. आजीची गोड्या मसाल्याची कृति आजीबरोबरच गेली, आतां विचारावें कोणाला, अशी हळहळ किती घरांतून ऐकूं येते! हें नुकसान कोणत्याहि बाजारांत भरून मिळत नाहीं.

येथें कोणी विचारील, परीक्षेच्या वर्षीं एवढा वेळ आणावयाचा कोठून? आठवड्यांतून एक सायंकाळ पुरे. मात्र ती सायंकाळ संपूर्णपणें विद्यार्थ्याची असली पाहिजे. घरांत काय आहे व काय आणावयाचें, त्यास किती पैसे पडतील, उसळीचें कडधान्य आदल्या दिवशीं भिजत घालावयाचें कीं सकाळीं, हें त्यानेंच ठरवावें. कुकरमध्यें दाबामुळें पाणी सुमारें १२० अंशांपर्यंत तापतें व म्हणून डाळ लवकर शिजते, हें पुस्तकांतील ज्ञान तेथें पडताळून पाहावें. तापलेल्या तेलानें पेट घेतला तर त्यावर पाणी ओतूं नये. गॅस बंद करून भांड्यावर झांकण ठेवावें, हें आधींच समजावून दिलेलें असावें. जेवणें झाल्यावर ओटा पुसणें व भांडीं घासणें हेंहि त्याच पाठांत येतें. पदार्थ आपण करावयाचा आणि पसारा आईनें आवरावयाचा, याला स्वयंपाक शिकणें म्हणत नाहींत.

मुलगा आणि मुलगी असा भेद यांत करूं नये. मुलीनें केलें तर कर्तव्य आणि मुलानें केलें तर कौतुक, ही वांटणी दोघांचेंहि अहित करते. त्या सायंकाळीं आईनेंहि ओट्यापासून दूर बसावें. हें तिला सर्वांत कठीण जाईल. पण मागें उभें राहून पावलोपावलीं सूचना दिल्या, तर अंदाज तिचाच राहतो, मुलाचा होत नाहीं. आणि वडिलांनीं जाड भाकरीची थट्टा न करतां ती मुकाट्यानें खावी.

पहिल्या महिन्यांत वरण-भात व कोशिंबीर, दुसऱ्यांत एखादी उसळ व पालेभाजी, तिसऱ्यांत पोळी किंवा भाकरी, एवढा अभ्यासक्रम प्रारंभास पुरेसा आहे. घरांत कोणाचा वाढदिवस आला, तर त्या दिवशीं केकहि अवश्य करावा. हें सर्व येणारा विद्यार्थी उद्यां शिक्षणासाठीं परगांवीं गेला, तरी त्याचें पोटासाठीं अडणार नाहीं. पण तोंपर्यंत थांबण्याचें कारण काय? आठवड्यांतील एका सायंकाळचा आईचा भार तो याच आठवड्यापासून उचलूं शकेल.