दोन गणेश वासुदेव



बाप्पापुढे आज दोन गणेशांची आठवण काढतो. दोघांचे वडील वासुदेव, दोघेही वकील. नुसते ‘ग. वा.’ वाचले तर घोटाळाच!

थोरले गणेश वासुदेव जोशी, मूळचे साताऱ्याचे, पुण्याचे ‘सार्वजनिक काका’. आपल्या उत्सवाला लागण्याआधी हा शब्द या काकांच्या नावाला लागला होता. १८७७ च्या दिल्ली दरबारात ते स्वतः कातलेल्या सुताचे कपडे घालून गेले. गांधीजी तेव्हा सात वर्षांचे होते. पण मला त्यांचे मोठे काम वाटते ते १८७० ची पुणे सार्वजनिक सभा. सभासद व्हायचे तर किमान पन्नास माणसांचे मुखत्यारपत्र आणायचे, असा नियम. मताचा हक्क कुणाला नव्हता, तरी ‘तुम्ही कोणाच्या वतीने बोलता?’ हे काकांनी आधी विचारले.

काका १८८० मध्ये गेले. आठ वर्षांनी आपल्या बडोद्यात दुसरे गणेश वासुदेव जन्मले, मावळंकर. घराणे रत्नागिरीकडचे, वकिली अहमदाबादेत, तुरुंगात भेटलेल्या कैद्यांवरचे पुस्तक गुजरातीत. १९५२ साली ते पहिल्या लोकसभेचे अध्यक्ष झाले. समोर बसलेले जवळजवळ सगळे लोकांची मते घेऊन आलेले!

पुष्कळजण दादासाहेबांना गुजरातीच समजतात. त्यात बिघडले काय? इथेही वडिलांचे नाव मधे लागते, म्हणून ‘गणेश वासुदेव’ जसेच्या तसे राहिले. खटकते ते वेगळेच. ते इथे जन्मले हे आपल्याच घरांतल्या मुलांना ठाऊक नसते. यंदाच्या बालप्रश्नमंजूषेत एवढा एक प्रश्न घालावा, अशी कार्यकारिणीला विनंती.