न्यू रॉसची लढाई

मंडळी, आज आम्ही आयर्लंडची हकीकत सांगतो. तिथेही इंग्रजांचे राज्य होते. १७९८ साली वेक्सफर्ड भागातले शेतकरी उठले. बंदुका थोड्या, बाकीच्यांच्या हाती लांब भाले. ५ जूनला ते न्यू रॉस शहरावर आले. आधी पांढरे निशाण देऊन एक माणूस धाडला. शिपायांनी त्याला गोळी घातली! मग काय, लोक खवळले. गुरे पुढे हाकली अन् वेशीतून आत घुसले. ही युक्ती शेतकऱ्यालाच सुचायची. फौज नदीच्या पुलापलीकडे हटली. पण मग कोणी दमून बसले, कोणी दारूच्या मागे लागले. आम्हाला राग येतो तो इथे. जॉन्सन सेनापती फौज फिरवून परत आला. शहर गेले. दोन हजारांवर शेतकरी पडले. त्याच दिवशी स्कलाबोग गावी बंडवाल्यांनी कोठारात कोंडलेले कैदी जाळले, बायका-मुलांसुद्धा. तेही सांगायला हवे.