मताचें मोल

विधिमंडळांतील मत ही वस्तु कोणाच्या मालकीची? ज्या सभासदानें हात वर करावयाचा त्याच्या, ज्या मतदारांनीं त्याला तेथें धाडलें त्यांच्या, कीं ज्याच्या हातीं नेमणुका, पदव्या आणि पैसा आहे त्याच्या? प्रश्न ऐकावयास तात्त्विक वाटतो. पण एके काळीं त्याच्या उत्तरावर एका देशाचें सबंध विधिमंडळच नाहींसें झालें. ती हकीकत आयर्लंडची आहे, आणि तिच्यांतील एक प्रमुख पुरुष आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. १७९२ सालीं श्रीरंगपट्टणास टिपू सुलतानाला तह करावयास लावणारे आणि १७९३ सालीं बंगाल्यांत कायमधाऱ्याची पद्धति घालून देणारे लॉर्ड कॉर्नवॉलिस, हेच पुढें १७९८ सालीं आयर्लंडचे व्हाइसरॉय झाले. कंपनीच्या नोकरांची लांचखोरी थांबावी म्हणून त्यांचे पगार वाढविणाऱ्या या गृहस्थांवर डब्लिनमध्यें मतांचा सौदा पार पाडण्याची पाळी आली, ही इतिहासाची एक क्रूर थट्टाच म्हटली पाहिजे.

त्या वेळीं आयर्लंडला स्वतःचें पार्लमेंट होतें. त्याच्या कनिष्ठ सभागृहांत ३०० सभासद बसत. पण त्यांतील बहुतेक जागा 'बरो' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लहान लहान गांवांच्या होत्या, आणि त्या गांवांचा कारभार एखाद्या उमरावाच्या किंवा जमीनदाराच्या मुठींत असे. तो सांगेल तो मनुष्य निवडून येई. अशी जागा लोक विकत घेत, विकत देत आणि मुलाबाळांना वारसा म्हणून ठेवीत. देशांत बहुसंख्या कॅथॉलिक लोकांची. त्यांना १७९३ पासून मत देण्याचा हक्क मिळाला होता, पण सभागृहांत बसण्याचा मात्र नव्हता.

१७९८ सालीं आयर्लंडांत बंड झालें. तें मोडल्यावर इंग्लंडचे मुख्य प्रधान पिट यांनीं ठरविलें कीं, डब्लिनचें पार्लमेंट बंद करून तें लंडनच्या पार्लमेंटांत विलीन करावें. परंतु एखाद्या सभेनें स्वतःच्याच मृत्युपत्रावर सही करावी कशी? जानेवारी १७९९ मध्यें हा विषय पुढें येतांच कनिष्ठ सभागृहानें १०६ विरुद्ध १११ मतांनीं तो झिडकारला. अवघ्या वर्षानंतर, ६ फेब्रुवारी १८०० रोजीं, त्याच सभागृहांत सरकारच्या बाजूस १५८ आणि विरुद्ध बाजूस ११५ मतें पडलीं. मधल्या बारा महिन्यांत घडलें काय?

पहिली गोष्ट, धाक. विरोध करणारे अर्थमंत्री सर जॉन पार्नेल यांना प्रारंभींच बडतर्फ करण्यांत आलें. दुसरी गोष्ट, लालूच. कोणास नवें उमरावपद, कोणास वरची पदवी, कोणास जागा, कोणास पेन्शन. कॉर्नवॉलिस यांचे तरुण चिटणीस लॉर्ड कॅसलरे यांनीं हे हिशेब मोठ्या चिकाटीनें ठेवले. तिसरी गोष्ट, गुप्त पैसा. या कामीं चोरखात्यांतून बेकायदा रक्कम खर्च झाली होती, हें पुढें जवळजवळ दोनशें वर्षांनीं सरकारी दप्तरांतून बाहेर पडलें. खुद्द कॉर्नवॉलिस यांना या कामाचा वीट आला होता. असल्या घाणेरड्या उद्योगांत पडल्याबद्दल स्वतःचाच तिरस्कार वाटतो, अशा अर्थाचे उद्गार त्यांनीं खासगी पत्रांत काढले आहेत. तथापि उद्योग त्यांनीं सोडला नाहीं.

पण सर्वांत विचार करण्यासारखी गोष्ट चौथी आहे, कारण ती चोरून झाली नाहीं. नव्या व्यवस्थेंत ८४ बरोंचे प्रतिनिधित्व जावयाचें होतें. प्रत्येक बरोमागें त्याच्या धन्याला १५,००० पौंड नुकसानभरपाई द्यावी, असें कायद्यानेंच ठरलें. एकूण रक्कम झाली १२,६०,००० पौंड. ही भरपाई देतांना धनी सरकारच्या बाजूचा कीं विरुद्ध बाजूचा, हें पाहिलें गेलें नाहीं. मार्क्विस ऑफ डाउनशायर हे कट्टर विरोधक. त्यांना आपल्या अधिकाराच्या जागांवरून दूर व्हावें लागलें, पण भरपाईचे ५२,५०० पौंड त्यांनाही मिळाले. म्हणून कित्येक जण म्हणत कीं, याला लांच कसें म्हणावें? शत्रुमित्रांना सारखेंच दिलें, तेंही उघड उघड!

या युक्तिवादाला उत्तर असें कीं, भरपाई मालमत्तेची देतात. मतदारांचा प्रतिनिधि पाठविण्याचा अधिकार ही खासगी मालमत्ता आहे, हेंच येथें राज्यानें शिक्कामोर्तब करून मान्य केलें. आणि विरोधकांचे हातही याबाबतींत अगदीं स्वच्छ नव्हते. त्यांच्यापैकीं सर्वांत थोर पुरुष हेन्री ग्रॅटन. प्रकृति इतकी बिघडलेली कीं, १८०० च्या जानेवारींत त्यांनीं आपलें भाषण बसून केलें. पण ज्या जागेवरून तें केलें ती विक्लो बरोची जागा नुकतीच पैसे देऊन मिळविलेली होती! जेथें बाजारच सर्वमान्य झाला, तेथें सज्जनालाही बाजारांतूनच यावें लागतें. बाजाराचा खरा दोष हाच आहे.

या सौद्यांत गमावलें कोणीं? ज्यांच्यापाशीं विकावयास कांहींच नव्हतें त्यांनीं. विलीनीकरण झालें म्हणजे सभागृहांत बसण्याचा हक्क मिळेल, अशी आशा कॅथॉलिकांना दाखविण्यांत आली होती. १ जानेवारी १८०१ रोजीं नवी व्यवस्था सुरू झाली. उमरावांना पदव्या मिळाल्या, धन्यांना पौंड मिळाले, पण कॅथॉलिकांच्या सवलतीला राजे तिसरे जॉर्ज यांनीं साफ नकार दिला. पिट आणि कॉर्नवॉलिस या दोघांनींही पद सोडलें. हा हक्क मिळावयास १८२९ साल उजाडलें. तोंवर आयरिश लोकांच्या मनांत एक गोष्ट पक्की बसली होती कीं, आपलें पार्लमेंट हरलें नाहीं, तें विकलें गेलें. ज्या निर्णयामागें सौदा असतो त्याला कायद्याचें बळ मिळालें तरी लोकांची श्रद्धा मिळत नाहीं. १९२२ सालीं आयर्लंडचा मोठा भाग त्या राज्यांतून बाहेर पडला.

श्रोतेहो, आपल्या देशानेंही या प्रश्नाचें उत्तर सावकाशच शोधलें आहे. जुलै १९९३ मध्यें केंद्र सरकारवरील अविश्वासाचा ठराव २५१ विरुद्ध २६५ मतांनीं फेटाळला गेला, आणि त्या मतांसाठीं कांहीं सभासदांना पैसे दिल्याचा आरोप पुढें न्यायालयांत गेला. १९९८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तीन विरुद्ध दोन अशा बहुमतानें निर्णय दिला कीं, पैसे घेऊन ठरल्याप्रमाणें मत देणाऱ्या सभासदाला घटनेच्या १०५ व्या कलमाचें संरक्षण आहे. पैसे घेऊन मत न देणाऱ्याला मात्र तें नाहीं! म्हणजे लांच घेऊन वचन पाळणारा सुरक्षित, आणि वचन मोडणारा गुन्हेगार. ही विपरीत स्थिति जवळजवळ सव्वीस वर्षें टिकली. ४ मार्च २०२४ रोजीं सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील सात न्यायाधीशांनीं एकमतानें ती रद्द केली. लांच घेतली त्या क्षणींच गुन्हा पुरा होतो. मग मत कोणत्याही बाजूस पडो, असें त्यांनीं ठरविलें.

तथापि पैशाची थैली कायद्याला दिसते. अधिकारपदाची थैली दिसत नाहीं. २००३ सालच्या ९१ व्या घटनादुरुस्तीनें मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या पंधरा टक्क्यांवर आणली, आणि पक्षांतरामुळें अपात्र ठरलेल्या सभासदाला ठराविक मुदतींत मंत्रिपद व पगारी राजकीय पद देण्यास बंदी केली. पदही मताची किंमत होऊं शकतें, याची ही घटनेनेंच दिलेली कबुली होय. परंतु कॅसलरे यांची वही कोणत्याही कलमानें सर्वस्वी बंद होत नाहीं.

कोणी विचारील, मग सभागृहांत देवघेव मुळींच नसावी काय? तसें नाहीं. तुमच्या तालुक्याच्या कालव्याला मी पाठिंबा देतों, माझ्या तालुक्याच्या शाळांना तुम्ही द्या, असें दोन प्रतिनिधि म्हणाले तर तो व्यवहार आहे, भ्रष्टाचार नव्हे. फरक ओळखण्यास दोन प्रश्न विचारावे. ही देवघेव सभागृहांत उभें राहून सांगतां येईल काय? आणि तिचें फळ कोणाच्या पदरांत पडतें, मतदारांच्या कीं सभासदाच्या? केवळ पहिला प्रश्न पुरत नाहीं, कारण आयर्लंडची भरपाई उघडच होती. दुसऱ्या प्रश्नापुढें मात्र तिचा टिकाव लागत नाहीं.

हे दोन प्रश्न विचारण्याचें काम न्यायालयावर टाकून चालणार नाहीं. न्यायालय येतें तें सौदा झाल्यावर. त्यापूर्वीं, आपला प्रतिनिधि या बाजूचा त्या बाजूस कां गेला, आणि गेल्यावर त्याला काय मिळालें, हें त्याला विचारण्याचा अधिकार मतदाराचा आहे. तो जर आपण वापरला नाहीं, किंवा मत देतांना स्वतःच चार पैशांचा हिशेब केला, तर सभागृहांतील खरेदीविक्रीबद्दल रागावण्यास आपल्यापाशीं फारसें तोंड उरणार नाहीं. मत ही ठेव आहे. ठेव परत मागावयाची असते, तिचा भाव विचारावयाचा नसतो.