घर पाहावे दुरुस्त करून
(मंडळाच्या सभेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवी वर्षात विद्वानांनी साहित्य-संगीतावर बोलावे आणि आमच्यासारख्या केंद्र सरकारच्या नोकराने गळक्या गच्चीवर बोलावे, हा विनोदच आहे. परंतु ‘घर पाहावे बांधून’ ही म्हण पूर्वजांनी अनुभवाशिवाय रचलेली नाही, आणि परमुलखात ती अधिकच बोचते.

मेटगळ्ळीत आमचे लहानसे घर आहे. निवृत्ती जवळ आलेली, गावाहून मातोश्री कायमच्या राहावयास येणार, म्हणून भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम काढून आम्ही डागडुजी काढली. गच्चीवर नवा कोबा, न्हाणीघराची फरशी, देवघराच्या भिंतीला गिलावा. कचेरीत किरकोळ कामालाही आम्ही अंदाजपत्रक आणि मोजमाप-वही मागतो. घरी मात्र एका कंत्राटदाराच्या गोड शब्दावर विसंबलो. लेखी करार नाही, दर घासाघीस करून उतरवलेला, आणि काम निम्मे होण्याआधीच पाऊण रक्कम दिलेली!

म्हैसुरात पावसासाठी मृगाची वाट पाहावी लागत नाही. एप्रिल-मे महिन्यांतच वळवाच्या सरी कोसळतात. पहिल्याच सरीत देवघराची भिंत पाझरली. मातोश्रींनी देव उचलून पाटावर ठेवले आणि एवढेच म्हणाल्या, “गावचं कौलारू घर गळायचं, तिथं पातेलं तरी ठेवता यायचं रे.” हे वाक्य आमच्या फार जिव्हारी लागले.

कंत्राटदार दूरध्वनी घेईना. आम्हीही उरलेली पाव रक्कम अडवून धरली आणि आपण मोठा न्याय केला अशा समाधानात राहिलो. एका संध्याकाळी फाटकाशी गवंडी उभा. विजापूरकडचा, पुण्यात कामे केल्यामुळे मराठी जाणणारा. तो म्हणाला, “साहेब, कोब्याला पाणी मारायला मी सांगत होतो. मालकानं तिसऱ्या दिवशी दुसऱ्या कामावर धाडलं. आता तुम्ही त्याचे पैसे अडवलेत, आणि त्यानं माझे.” त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. आमच्या रागाची झळ ज्याला लागावयाची त्याला न लागता भलत्यालाच लागत होती.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही राग बाजूला ठेवून कागद हाती घेतला. तारखेसह छायाचित्रे काढली. एका त्रयस्थ अभियंत्याकडून पाहणी करविली. सिमेंटचे काम किमान सात दिवस ओले ठेवावयाचे असते, ते दोनच दिवस ठेवलेले. पाण्याच्या निचऱ्याच्या तोंडाकडे उतार नाही. कठड्याच्या सांध्याला गोलाई नाही. या दोषांची यादी आमच्या शेजारच्या निवृत्त शिक्षकांनी शुद्ध कन्नडमध्ये लिहून दिली. ती पंधरा दिवसांच्या मुदतीसह आम्ही स्पीड पोस्टाने धाडली.

या यादीच्या पाठीशी कायदा आहे, हे आपणांपैकी अनेकांस ठाऊक नसेल. ग्राहकाला संघटित करण्याचे काम पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी 1974 साली ग्राहक पंचायतीच्या रूपाने आरंभिले, ही आपणां मराठीजनांना अभिमानाची गोष्ट. पुढे 1986 चा ग्राहक संरक्षण कायदा आला. घरबांधणी हीदेखील ‘सेवा’ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1993 साली लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात स्पष्ट केले. आज 2019 चा कायदा लागू आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत, आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क पडत नाही. मात्र तेथे पावती बोलते, तोंडी शब्द बोलत नाही.

आम्हांस आयोगापर्यंत जावे लागले नाही. बाराव्या दिवशी कंत्राटदार आला. शेजारच्या शिक्षकांच्या साक्षीने ठरले ते असे : गच्चीचा कोबा त्याने स्वखर्चाने पुन्हा करावा, गवंड्याची थकलेली मजुरी अडवलेल्या रकमेतून आमच्यादेखत द्यावी, गिलाव्याचे नुकसान उरलेल्या रकमेतून वजा व्हावे. पुन्हा तोच गवंडी आला. या खेपेस सात दिवस पाणी मारले गेले, आणि नंतर तीन दिवस गच्चीवर पाणी तुंबवून पाहिल्यावरच आम्ही शेवटचा हप्ता दिला. सर्व नुकसान भरून आले असे नाही. न्हाणीघराची एक फरशी अद्याप पोकळ वाजते.

बंधुभगिनींनो, दोष एकट्या कंत्राटदाराचा नव्हता. नको तितका दर पाडणारे आम्ही, आणि कागद न करणारेही आम्हीच. गवंड्याचा ओळंबा मराठी-कन्नड जाणत नाही. भिंत सरळ की वाकडी एवढेच तो सांगतो. व्यवहारालाही असाच एक ओळंबा असावा, आणि तो प्रथम स्वतःच्या भिंतीला लावावा.

पुढची मोठी सर येऊन गेली. मातोश्रींनी भिंतीवरून हात फिरविला, दोन दिवस वाट पाहिली, आणि मग देव पुन्हा देवघरात ठेवले. आमच्या दृष्टीने काम पुरे झाल्याचा दाखला तोच.