उन्हाळअखेरीची परसबाग

भंडारा हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाने तलाव बांधण्याचे कसब जोपासले आणि त्या पाण्यावर येथील धानशेती उभी राहिली. तथापि ज्येष्ठ लागेपर्यंत अनेक लहान तलावांचा तळ दिसू लागतो, पारा ४५ अंशांच्या आसपास चढतो आणि हिवाळ्यात वांगी, वाल, पालक यांनी भरलेली घरामागची सांदवाडी ओसाड पडते. भाजी महागली की गरिबाच्या ताटातून हिरवा पाला प्रथम नाहीसा होतो. म्हणूनच या दिवसांत परसबाग जगविणे ही केवळ हौस नव्हे; तो घरच्या पोषणाचा प्रश्न आहे.

‘पाणीच नाही’ हे उत्तर सर्वत्र ऐकू येते. त्याचा हिशेब करून पाहावा. जल जीवन मिशनचे प्रमाण दरडोई दररोज ५५ लिटर आहे. पाच माणसांच्या घरी ते २७५ लिटर होते. त्यातील निम्मे जरी न्हाणी व मोरीवाटे बाहेर पडते असे धरले, तरी सुमारे १३५ लिटर पाणी रोज वाया जाते. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. कडक उन्हात रोज सात मिलिमीटर पाणी लागते असे मानल्यास २० चौरस मीटरच्या बागेस १४० लिटर पुरतात. म्हणजे रस्त्यावर चिखल करणारे सांडपाणीच जवळजवळ संपूर्ण बाग जगवू शकते. पुरवठा घटल्यास वाफे कमी करावेत, झाडे मात्र राखावीत.

हे पाणी रेती व गिट्टीच्या खड्ड्यातून गाळून केळी, पपई, शेवगा, कढीपत्ता यांच्या बुंध्याशी सोडावे. साबणाचे पाणी पालेभाजीवर घालू नये. तिच्यासाठी तांदूळ व भाज्या धुतलेले पाणी राखून ठेवावे. पाणी पहाटे किंवा सूर्यास्तानंतर द्यावे. वाफ्यांवर धानाच्या तणशीचा चार बोटे जाड थर पसरावा, म्हणजे ओल टिकते; तो खोडास भिडू देऊ नये आणि वाळवीवर लक्ष ठेवावे. वेलाजवळ गळ्यापर्यंत पुरलेले मातीचे मडके पाणी झिरपवीत राहते. अति उष्णतेने टोमॅटोची फुले गळतात. त्यावर युरिया हा उपाय नव्हे, पश्चिमेकडून सावली हा उपाय होय.

याच काळात पुढील हंगामाची पायाभरणी होते. दोडका, कारली, कोहळे यांचे खड्डे आताच खोदून उन्हात तापू द्यावेत आणि मृगापूर्वी शेणखत व तलावाचा गाळ घालून भरावेत. मेअखेर गादीवाफ्यावर टाकलेली वांगी-मिरचीची रोपे चार-पाच आठवड्यांत लागवडीस येतात.

शाळांच्या परसबागांची स्थिती अधिक नाजूक आहे. विदर्भात शाळा जूनच्या उत्तरार्धात उघडतात; तोवर मुलांनी वाढविलेली झाडे वाळून जातात. ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक, अंगणवाडी सेविका आणि महिला बचत गट यांनी सुट्टीपूर्वीच एकत्र बसून आठवड्यांच्या पाळ्या ठरवाव्यात. यासाठी स्वतंत्र निधी लागत नाही. लागते ती जबाबदारीची वाटणी. परतलेल्या मुलांना उजाड वाफ्यांऐवजी पालवलेला शेवगा दिसला, तर पोषणाचा पहिला धडा पुस्तक उघडण्यापूर्वीच शिकवून झालेला असेल.